मागं काय लिहिलंय?

पहिला कागद घरी आला तो मार्चमधल्या एका शुक्रवारी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, चारी कडांना चिकटपट्टी लावून. कात्री चालवायची हिंमत होईना, म्हणून पातळ पट्टीने एकेक कड उचलत बसलो. आत वहीच्या अर्ध्या पानाएवढा, जाडसर, पिवळट कागद. वर छापील अक्षरांत ‘पे-टेबल ऑफिस, हार्टफर्ड’, पुढे हाताने भरलेली १७८१ मधली तारीख, आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याचे खजिनदार जॉन लॉरेन्स यांना हुकूम: अमुक शिपायाला इतके पौंड, इतके शिलिंग द्यावेत आणि रक्कम राज्याच्या खाती टाकावी. खाली पे-टेबलच्या, म्हणजे युद्धखर्चाचे हिशेब तपासून पैसे मंजूर करणाऱ्या समितीच्या, दोन सभासदांच्या सह्या. मधोमध एक भोक. पैसे चुकते झाले की तोच कागद कुणी पुन्हा घेऊन येऊ नये, म्हणून असं भोक पाडत किंवा कागदाला छेद देत.

त्याच हार्टफर्डमध्ये मी एका विमा कंपनीच्या संगणक विभागात नोकरी करतो. ज्या रस्त्यांवरून मी रोज गाडी चालवतो, तिथल्याच एका कचेरीत हा कागद भरला गेला, हे मनात आल्यावर मी तो बराच वेळ नुसता पाहत राहिलो.

रात्री तासगावला फोन लावला. तिकडे सकाळ, अण्णांचा चहा चालू. माझे वडील तीस वर्षं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. त्यांना मोडी वाचता येते. जुन्या कागदाला हात लावण्याआधी हात धुवायचे आणि मग पूर्ण कोरडे करायचे, हे मी शाळेत जायच्या आधी त्यांच्याकडून शिकलो. मी कागद कॅमेऱ्यासमोर धरला, सह्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले,

“वरात आहे ही. उलटी कर.” वरात म्हणजे खजिन्यातून पैसे द्यायचा लेखी हुकूम, आपल्या दप्तरांतला जुना शब्द.

“मागं नुसती पावती आहे, अण्णा.”

“पुढं हुकूम असतो. पैसे पोचले का नाही, ते मागं असतं. मागं काय लिहिलंय ते वाच आधी.”

मागे कारकुनी अक्षरात दोन ओळी होत्या, आपल्याकडच्या ‘सदरहू रक्कम भरून पावलो’ याच अर्थाच्या. त्याखाली सहीच्या जागी एक फुली. एक रेघ जाड, दुसरी मध्येच तुटलेली. फुलीच्या आजूबाजूला कारकुनाने शिपायाचं नाव आणि ‘त्याची निशाणी’ असं लिहिलं होतं.

“निशाणी,” अण्णा म्हणाले, आणि कपातला चहा तसाच राहिला. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू अशा निशाण्या त्यांनी जन्मभर जुन्या कागदांवर पाहिलेल्या. इतक्या लांबच्या मुलखातला, लिहिता न येणारा एक शिपाई आपल्या ओळखीच्या रीतीने पैसे घेऊन गेला, याचं त्यांना फार वाटलं. मला मात्र त्या दिवशी फुलीत रस नव्हता. मला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनापतींच्या सह्या हव्या होत्या.

या नादाची सुरुवात हार्टफर्डला लागूनच असलेल्या वेदर्सफील्ड गावात झाली. तिथे जोसेफ वेब यांचं घर आहे. १७८१ च्या मे महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो त्या घरात भेटले आणि त्या वर्षीच्या मोहिमेची आखणी केली. मी तिथे पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. नंतर एकटाच लेबनन गावी गेलो. तिथलं ‘वॉर ऑफिस’ म्हणजे गव्हर्नर जोनाथन ट्रंबुल यांचं एका खोलीएवढं दुकान. त्या दुकानातून या राज्याने सैन्याला धान्य, मांस, कपडे पुरवले. त्या खोलीतून किती चिठ्ठ्या गेल्या असतील, असं मनात आलं आणि घरी येऊन शोधायला बसलो, तर त्या काळच्या चिठ्ठ्या विकत मिळतात हे कळलं. मी चकितच झालो. आपल्याकडे असा कागद कुणा वतनदाराच्या माळ्यावर असतो नाहीतर सरकारी दप्तरखान्यात. इथे तो माणूस महिन्याच्या पगारातून घेऊ शकतो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सह्यांच्या बाजारात कनेक्टिकटच्या या वराती सगळ्यात परवडणाऱ्या, कारण त्या पुष्कळ टिकल्या आहेत. पहिली मला १४५ डॉलरला पडली. वॉशिंग्टनची सही असलेला कागद माझ्या आवाक्यातला नाही, हे मी पहिल्याच महिन्यात मान्य केलं. दरमहा दोनशे डॉलर बाजूला ठेवायचे, चांगला कागद दिसेपर्यंत साठवायचे, एवढीच माझी ताकद होती. पण नुसतं दिसेल ते घेत गेलं तर संग्रह होत नाही, ढीग होतो. म्हणून एक यादी ठरवली. ती यादी इतिहासानेच करून ठेवलेली होती.

२३ सप्टेंबर १७८० रोजी न्यूयॉर्कजवळ टॅरीटाउनच्या रस्त्यावर तिघांनी एका घोडेस्वाराला अडवलं. त्याच्याकडे ‘जॉन अँडरसन’ या नावाचा परवाना होता, त्यावर अमेरिकन सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्डची सही. मोज्यांत लपवलेले कागद निघाले. वेस्ट पॉइंटच्या किल्ल्याची सगळी माहिती त्यांत होती. तिघांपैकी वाचता येत होतं ते फक्त जॉन पॉल्डिंगला. त्याने वाचलं म्हणून अर्नोल्डचा फितुरीचा कट उघडा पडला. घोडेस्वार होता ब्रिटिश अधिकारी मेजर जॉन आंद्रे. २९ तारखेला टॅपन गावी चौदा सेनाधिकाऱ्यांचं मंडळ बसलं, आणि २ ऑक्टोबरला आंद्रेला फाशी झाली. मंडळाच्या निर्णयाखाली चौदा सह्या आहेत: अध्यक्ष नॅथनेल ग्रीन, मग स्टर्लिंग, सेंट क्लेअर, लाफाएत, रॉबर्ट हाऊ, स्टॉयबेन, पार्सन्स, जेम्स क्लिंटन, नॉक्स, ग्लोव्हर, पॅटरसन, हँड, हंटिंग्टन आणि स्टार्क.

या चौदा जणांचा, त्यांच्या हाताची सही असलेला एकेक कागद. ही माझी यादी. आठ वर्षांत पाच झाले आहेत.

हा व्यवहार कसा चालतो ते सांगतो, कारण सुरुवातीला मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळा मजकूर आणि सही एकाच माणसाच्या हातची असेल, तर त्या पत्राला सर्वांत जास्त किंमत. मजकूर लेखनिकाचा आणि सही सेनापतीची, तर कमी. छापील फॉर्मवर नुसती सही, तर आणखी कमी. आणि कुणीतरी एकोणिसाव्या शतकात पत्रातून कात्रीने कापून वहीत चिकटवलेली सही सगळ्यात स्वस्त. ती कापलेली सही मी कधीच घेत नाही. तिला मागची बाजूच उरलेली नसते. असलीच तर कापलेल्या वाक्याचे दोन शब्द आणि वाळलेली खळ. कोणत्या कारणासाठी सही केली, कुणाला, कुठल्या तारखेला, सगळं कात्रीखाली गेलेलं. एका नावासाठी अख्खं पत्र मारलेलं पाहिलं की मला आजही राग येतो.

लिलावात बोलीवर वीस-पंचवीस टक्के कमिशन चढतं, हे आधी हिशेबात धरावं लागतं. पोस्ट आणि विमा वेगळा. जाणत्या विक्रेत्याकडून थेट घेतलं तर किंमत जास्त, पण तो कागदाच्या खरेपणाची कायमची हमी देतो. मी आता बहुतेक तसंच घेतो. त्याचं कारण म्हणजे वोल्कॉट.

ऑलिव्हर वोल्कॉट हे कनेक्टिकटच्या लिचफील्ड गावचे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, शिवाय मिलिशियाचे, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेचे, ब्रिगेडियर जनरल. जुलै १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकांनी राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे वोल्कॉट यांच्या घरी आणले गेले, आणि घरातल्या बायकामुलांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते वितळवून ४२,०८८ गोळ्या पाडल्या. कुणी किती पाडल्या याची नावनिशीवार नोंद आहे. ही गोष्ट वाचल्यापासून यादीबाहेरचा हा एक माणूस मला हवाच होता. एका ऑनलाइन लिलावात ‘जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या वोल्कॉट यांची सही’ असा कागद आला. फोटो फक्त पुढच्या बाजूचा. मी चारशे डॉलर मोजले.

कागद आला, अण्णांना दाखवायला उलटा केला आणि पोटात गोळा आला. मागच्या नोंदीवरून तो पे-टेबलच्या कामाचा कागद होता. पे-टेबलच्या समितीत वडील नव्हतेच, होता तो त्याच नावाचा मुलगा, जो पुढे १७९५ पासून अमेरिकेचा अर्थमंत्री झाला. उजवी कड कधीतरी कापली गेली होती आणि नावापुढचा ‘ज्युनिअर’ त्या कडेबरोबर गेला होता. कागद खरा, सही खरी, फक्त माणूस दुसरा. विक्रेत्याने परत घेतला नाही. मुदत संपली म्हणाला. त्या दिवसापासून मागच्या बाजूचा फोटो आल्याशिवाय मी बोली लावलेली नाही. आणि एका नावाची किती माणसं होती ते आधी पाहतो. एकट्या नॉर्विच गावात सैन्याशी संबंध असलेले हंटिंग्टन किती! जेडेडाया, त्याचे वडील जाबेझ, भाऊ अँड्र्यू, जोशुआ, एबेनेझर. शिवाय काँग्रेसचे, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन राज्यांच्या प्रतिनिधी सभेचे, अध्यक्ष झालेले सॅम्युअल हंटिंग्टन आणखी वेगळे.

जेडेडाया हंटिंग्टन हा माझ्या यादीतला पहिला मिळालेला माणूस. युद्धानंतर १७८९ ते १८१५ या काळात तो न्यू लंडन बंदरावर जकातीचा अधिकारी होता. त्यामुळे जहाजांच्या कागदांवर त्याच्या सह्या मिळतात. माझ्याकडचा कागद तसाच आहे. ज्या हाताने आंद्रेच्या मृत्यूखाली सही केली, त्याच हाताने पंधरा वर्षांनी मालाच्या यादीवर. अक्षर शांत, एकसारखं, उजवीकडे किंचित कललेलं. हेन्री नॉक्सचं तसं नाही. नॉक्स बॉस्टनमधला पुस्तकविक्रेता. पुस्तकं वाचून तोफखाना शिकला आणि १७७५-७६ च्या हिवाळ्यात टायकाँडरोगाच्या किल्ल्यातून सुमारे साठ तोफा बर्फावरून ओढून बॉस्टनला आणल्या. माझ्याकडचं त्याचं पत्र तो युद्धमंत्री असतानाचं. मजकूर कारकुनाच्या सुबक अक्षरात, आणि खाली सही मात्र अशी की लेखणी मोडेल. स्टर्लिंग अजून मिळालेला नाही. तो स्वतःला ‘लॉर्ड स्टर्लिंग’ म्हणवून घ्यायचा, इंग्लंडच्या लॉर्ड्स सभेने ती पदवी नाकारलेली असूनही, आणि सही करायचा फक्त ‘स्टर्लिंग’. एवढा एक शब्द शोधत मी कितीतरी रात्री जुन्या याद्या चाळल्या आहेत.

खरा-खोटा ओळखायला मी स्वतः शिकलो ते शाईपासून. त्या काळची शाई मायफळ, हिराकस, डिंक आणि पाणी यांची. हो, तेच मायफळ जे आजी सहाणेवर उगाळून बाळगुटीत घालायची. त्यातल्या तुरटपणाचा हिराकशीतल्या लोखंडाशी संयोग झाला की काळी शाई होते; वर्षं गेली की ती तपकिरी पडते आणि दाट ठिकाणी कागद खाते. मी मायफळ आणून स्वयंपाकघरात ती शाई केली, हंसाच्या पिसाची लेखणी कापली आणि चिंध्यांपासून केलेल्या कोऱ्या कागदावर लिहून पाहिलं. पिसाची लेखणी वर जाताना बारीक आणि खाली येताना जाड रेघ काढते. सराईत माणसाची सही एका दमात होते. नक्कल करणारा मध्ये थांबतो, आणि जिथे थांबतो तिथे शाई साठते. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ते थांबे दिसतात.

रॉबर्ट स्प्रिंग नावाचा एक इंग्रज एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियात येऊन वॉशिंग्टनच्या सह्या करून विकत असे. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडायचा, कॉफीने रंगवायचा आणि त्यावर परवाने, धनादेश लिहायचा. त्याचे कागद अजून बाजारात फिरतात. मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या वस्तूंच्या एका जत्रेत माझ्या हातात असाच एक परवाना आला. किंमत मोहात पाडणारी. सही सुंदर. मी तो उलटा केला. मागे काहीच नव्हतं: ना कुणाला दिला त्याचा शेरा, ना घडी केल्यावर वर येणारं नाव, ना कुणा कारकुनाची नोंद. छावणीत ज्या कागदाची घडी होऊन तो खिशात राहिला, त्याची पाठ इतकी कोरी राहत नाही. मग उजेडात धरला. घडीवरून जाणाऱ्या अक्षरांची शाई घडीतल्या तुटलेल्या धाग्यांत पसरलेली होती. म्हणजे घडी आधीची, लिखाण नंतरचं. कागदाची खळ गेलेली असली की नवी शाई टिपकागदावर फुटावी तशी फुटते. ते फुटणं इतरत्रही होतं. मी परवाना ठेवला, नमस्कार केला आणि निघालो. विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते ठाऊक होतं असं मला वाटलं नाही.

पण खरा कागद मिळाला म्हणजे तो घेण्याचा हक्क आपल्याला आहे, असंही नाही. हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. २१ जुलै १७८० रोजी अलेक्झांडर हॅमिल्टनने लाफाएतला लिहिलेलं एक पत्र मॅसॅच्युसेट्सच्या राज्य दप्तरखान्यातून दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्याच एका कर्मचाऱ्याने चोरलं. ते २०१८ मध्ये लिलावाला आलं, तेव्हा चोरी उघड झाली. ज्या कुटुंबाकडे ते पिढ्यांपासून होतं त्यांनी हक्क सांगितला, खटला चालला, आणि २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने पत्र राज्याचंच असा निर्णय दिला. त्याआधी १९७७ मध्ये उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका संग्राहकाकडचे न्यायालयीन कागद राज्याला परत द्यायला लावले होते. राज्याने ते कागद आपण होऊन कधी सोडल्याचा पुरावा नाही, एवढं कारण पुरलं. म्हणून मी प्रत्येक विक्रेत्याला लेखी विचारतो, हा कागद तुमच्याकडे कसा आला. उत्तर टाळलं की मी थांबतो. मागच्या बाजूला खोडलेला ग्रंथालयाचा शिक्का किंवा खरवडलेला क्रमांक दिसला, तर त्या संस्थेला पत्र लिहितो. दोनदा लिहिलं. एकदा उत्तर आलं की प्रत जास्तीची म्हणून रीतसर विकली होती. दुसऱ्या वेळी कागद लिलावातून काढून घेण्यात आला.

अण्णांना मी विल्यम स्प्रेग यांची गोष्ट सांगितली होती. हे पुढे धर्मोपदेशक झाले. तरुणपणी, १८१५ च्या सुमारास, ते वॉशिंग्टनच्या नातलगांकडे मुलांचे शिक्षक होते. वॉशिंग्टनची कागदपत्रं पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन यांच्याकडे होती. त्यांनी स्प्रेगना परवानगी दिली की हवी ती पत्रं घ्या, फक्त नकला करून जागेवर ठेवा. स्प्रेगनी सुमारे दीड हजार मूळ पत्रं नेली. अमेरिकेतल्या सह्या-संग्रहाचा आरंभ बहुतेक जण इथून मानतात.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मिरजेच्या खरेशास्त्र्यांनी उलटं केलं. नकला करून नेल्या, मूळ कागद तिथंच ठेवले.”

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवायचे. पटवर्धनांच्या दप्तरांतली हजारो पत्रं त्यांनी उतरून काढली आणि छापली. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंची चांगली प्रतिमा काढून, पूर्ण मजकूर उतरवून, ज्या गावाचा कागद त्या गावच्या इतिहास मंडळाला मी पाठवतो. मूळ कागद माझ्याकडे असतो. तो किती काळ असावा याचा मी अजून विचार करतो आहे.

त्या फुलीवाल्या शिपायाकडे मी तिसऱ्या वर्षी परत गेलो. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून सैन्याची दप्तरं जळाली. म्हणून पुढे १८१८ साली काँग्रेसने गरजू सैनिकांना पेन्शन देऊ केली, तेव्हा म्हाताऱ्या शिपायांना आपली नोकरी स्वतः शाबित करावी लागली: साथीदारांच्या साक्षी, जपून ठेवलेलं रजापत्र, म्हणजे सैन्यातून मोकळं केल्याचं प्रमाणपत्र, जे असेल ते. १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीतून घरी गेलेल्या शिपायांच्या छापील रजापत्रांवर खुद्द वॉशिंग्टनची सही असे. कित्येकांनी ते एकुलतं पत्र पुरावा म्हणून अर्जाला जोडून देऊन टाकलं. १८२० मध्ये वर मालमत्तेची यादीही मागितली गेली. या फायली राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत आणि त्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. क्रमांकाआधी ‘एस’ असेल तर शिपाई, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवा, ‘आर’ असेल तर अर्ज फेटाळलेला.

माझ्या शिपायाची फाईल ‘एस’मध्ये सापडली. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याच्या घरातल्या एका बाईंशी माझा पत्रव्यवहार चालू आहे आणि त्यांना ते नको आहे. मालमत्तेच्या यादीत एक गाय, एक लोखंडी भांडं, तीन खुर्च्या, त्यांतली एक मोडकी. जमीन नाही. बायको आजारी. आणि शपथपत्राखाली पुन्हा फुली. मी १७८१ ची फुली शेजारी ठेवून पाहिली. एकोणचाळीस वर्षांनंतरही पहिली रेघ जाड आणि दुसरी मध्येच तुटलेली. फक्त हात थरथरत होता.

हे अण्णांना सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

मग त्या वरातीची मागची बाजू मी नव्याने समजून घेतली. मार्च १७८० मध्ये काँग्रेसने आपल्या कागदी चलनाचा दर चाळीसाला एक असा धरला. शिपायाच्या हातात पडलेल्या पगाराची जवळजवळ माती झाली होती. तूट भरून काढायला राज्यांनी रोखे दिले, पण त्यांचे पैसे मिळायला वर्षं जायची, आणि पोट थांबत नाही. अनेकांनी ते रोखे मिळेल त्या किमतीला सावकारांना विकले. १७९० मध्ये सरकारने रोखे पुऱ्या किमतीने मानले, तेव्हा फायदा ज्याच्या हाती कागद होता त्याचा झाला. असे रोखे उलटे करून पाहिले की नावांखाली नावं दिसतात, एकाकडून दुसऱ्याकडे. पहिलं नाव शिपायाचं.

एकदा एक कागद हातचा गेला, त्याची खंत आहे. कनेक्टिकटच्या चौथ्या रेजिमेंटमध्ये काळ्या सैनिकांची एक तुकडी होती. तिचा कॅप्टन डेव्हिड हम्फ्रीज वॉशिंग्टनचा सहायकही होता. त्या तुकडीच्या हजेरीपटावर काही जणांची आडनावं ‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ अशी आहेत. तसं आडनाव असलेल्या एका सैनिकाची वरात लिलावात आली. मी चार महिन्यांची शिल्लक लावली. ती पहिल्या मिनिटातच मागे पडली. कागद एका संग्रहालयाने घेतला असं नंतर कळलं, आणि ते योग्यच झालं. तिथे तो शाळेची मुलं पाहतील.

आमचं तासगावचं घर गणपतीच्या गोपुरापासून पाच मिनिटांवर आहे. ते देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलं. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनला ज्याचं सैन्य वॉशिंग्टनपुढे शरण आलं, तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणाजवळून उपाशी फौज घेऊन, स्वतःच्या मोठ्या तोफा निकामी करून तो मागे फिरत असताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंच्या फौजा त्याला येऊन मिळाल्या, आणि मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारावर इंग्रजांची फौज जगली. एका विक्रेत्याच्या यादीत कॉर्नवॉलिसची हिंदुस्थानातल्या काळातली सही होती. अण्णांना दाखवली.

“आणि भाऊंची सही?” त्यांनी विचारलं. मग स्वतःच उत्तर दिलं. आपल्या जुन्या राजपत्रांत खरेपणा सहीवर नसतो. वर मुद्रा, मजकूर कारकुनाच्या हातचा, आणि शेवटी मोर्तब, म्हणजे इथे पत्र संपलं, यापुढचं एकही अक्षर आमचं नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरचं ‘मर्यादेयं विराजते’ तेच सांगतं. कारभारातले शेरे आणि नोंदी बहुतेक मागच्या बाजूला. मला उलटं करायला का सांगत होते, ते त्या दिवशी नीट कळलं. कॉर्नवॉलिसची किंमत मला झेपणारी नव्हती. मी तिची तारीख, ठिकाण आणि मजकूर उतरून घेतला, एवढंच.

कागद मी मायलरच्या पारदर्शक पाकिटांत ठेवतो, म्हणजे न काढता दोन्ही बाजू वाचता येतात. आम्लरहित फोल्डर, अंधारं कपाट, दमट तळघर नाही. लॅमिनेशन कधीच नाही, चिकटपट्टी कधीच नाही. भिंतीवर लावायला प्रत. फोल्डरवर पेन्सिलने, कागदावर नाही, लिहितो: कुणाकडून आला, कधी, किती डॉलरला. किंमतसुद्धा लिही, असा अण्णांचा आग्रह. एडवर्ड हँडच्या पत्रामागे कुणा जुन्या विक्रेत्याने पेन्सिलने चार अक्षरं लिहिली आहेत. दहा वेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवून, त्यातल्या प्रत्येक अक्षराला एकेक अंक मानून खरेदीची किंमत अशी लपवून लिहायची त्यांची रीत असते. तो शब्द मला अजून सुटलेला नाही.

गेल्या आठवड्यात सहाव्या माणसाची खबर आली: जॉन ग्लोव्हर. मार्बलहेडचा कोळी-खलाशांचा सेनापती. ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंडवर अडकलेलं सैन्य ज्याच्या माणसांनी एका रात्रीत होड्यांतून पार नेलं, आणि त्याच वर्षी नाताळच्या रात्री बर्फाच्या तुकड्यांतून डेलावेअर नदी ओलांडून दिली, तो. कागद रसदीच्या पावतीचा आहे, सही तळाला, स्पष्ट. किंमत माझ्या शिल्लकीत बसते. विक्रेता जाणता आहे आणि हमी देतो. अण्णांना पुढच्या बाजूचा फोटो पाठवला. त्यांनी ‘ग्लोव्हर’ हे नाव मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला काय विचारलं ते सांगायला नको. विक्रेत्याला त्याच रात्री लिहिलं आहे. मागच्या बाजूचा फोटो अजून आलेला नाही.